पट्टे नेमके कुणाच्या डोळ्यांसाठी?

गावाकडे कुणी "वाघ दिसला" म्हणून धावत आला की वनरक्षक आधी विचारतो, "पट्ट्याचा की ठिपक्याचा?" कारण आपल्या बोलीत बिबट्याही वाघच. ढाण्या वाघ म्हणायचं ते फक्त पट्टेवाल्याला. प्रश्न छोटा आहे, पण पुढची सगळी धावपळ त्याच्या उत्तरावर ठरते. माणूस पट्टे बघतो तो असा, ओळख पटवायला. तेच पट्टे हरीण बघतं तेव्हा त्याला काय दिसतं आणि माशी बघते तेव्हा तिचं काय होतं, हे समजायला मात्र प्रयोगशाळेपासून घोड्यांच्या पागेपर्यंत बरीच पायपीट करावी लागली.

आधी आपला वाघ. भगवा रंग, त्यावर काळे पट्टे. हिरव्या रानात हा प्राणी लपतो तरी कसा, असा प्रश्न पडतो. तो पडतो कारण आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या आहेत. चितळ-सांबराच्या डोळ्यांत त्या दोनच प्रकारच्या. नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्यांना कळत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी वाघ गवताच्याच रंगाचा. वर आडवे-उभे काळे पट्टे, म्हणजे गवताच्या काड्या आणि त्यांच्यामधल्या सावल्या. पाठ कुठे संपते, पोट कुठे सुरू होतं, ती कडच तुटून जाते. 2019 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन रंगांच्या आणि तीन रंगांच्या नजरेला वाघ कसा दिसेल हे संगणकावर ताडून पाहिलं, तेव्हा हाच हिशेब जमला.

मग वाघ सरळ हिरवाच का झाला नाही? सस्तन प्राण्यांच्या केसांना रंग देणारी द्रव्यं मुळात दोनच: काळं-तपकिरी यूमेलॅनिन आणि पिवळं-तांबूस फिओमेलॅनिन. या दोन डब्यांतून हिरवा रंग निघत नाही. (स्लॉथ हिरवट दिसतो खरा, पण ती त्याच्या केसांत वाढलेल्या शेवाळाची करामत.) पांढऱ्या वाघाचं कोडंही इथेच सुटतं. 1951 मध्ये रीवा संस्थानच्या जंगलात पकडलेला 'मोहन' हा पिंजऱ्यातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा पूर्वज. त्यांच्यातल्या जनुकबदलामुळे तांबूस रंगद्रव्य तयार होत नाही, काळं मात्र होतं. म्हणून भगवा जातो आणि पट्टे राहतात. हे वाघ अल्बिनो, म्हणजे रंगद्रव्यच नसलेले, नाहीत. अल्बिनो असते तर पट्टेही गेले असते.

वाघाचे केस भादरले तरी पट्टे कातडीवर दिसतात. शस्त्रक्रियेआधी एखाद्या वाघाची जागा साफ करणाऱ्या पशुवैद्यांना हे चांगलं ठाऊक असतं. झेब्र्याचं तसं नाही. त्याचे केस काढले तर खाली सगळी कातडी काळपट. पांढरा पट्टा म्हणजे जिथे केसात रंग भरलाच नाही ती जागा. तेव्हा 'काळ्यावर पांढरे की पांढऱ्यावर काळे' या जुन्या वादाचं उत्तर काळ्यावर पांढरे असंच द्यावं लागतं.

दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात हे बहुतेकांना माहीत असतं. एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते, हे कमी जणांना माहीत असतं. व्याघ्रगणनेची सगळी कटकट या दुसऱ्या गोष्टीतून येते. पूर्वी पंजाचे ठसे काचेवर आणि कागदावर गिरवून वाघ मोजत. माती ओली की कोरडी, वाघ चालत होता की धावत होता, यावर ठसा बदलायचा, आणि गिरवणाऱ्याचा हातही त्यात मिसळायचा. राजस्थानातल्या सरिस्कातले वाघ संपल्याचं 2005 च्या सुमारास उघड झालं आणि ही पद्धत मोडीत निघाली. त्याआधीच, 1990 च्या दशकात, वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, पट्टे टिपून वाघांचा अंदाज काढायची रीत बसवली होती.

आता जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात. वाघ रस्त्याने, नाल्याच्या वाळूने चालणारा प्राणी, म्हणून चौकोनात त्याची वाट शोधून कॅमेऱ्यांची जोडी लावतात. वाटेच्या अल्याड एक, पल्याड एक, माणसाच्या गुडघ्याच्या आसपासच्या उंचीवर. वाघ मधून गेला की दोन्ही कुशी एकाच वेळी टिपल्या जातात. कॅमेरे अगदी समोरासमोर न ठेवता थोडे तिरके ठेवतात, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जाऊन फोटो पांढराफटक येतो. समोरचं गवत कापायचं विसरलं तर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच फोटो भरतात. आणि जोडीतला एक कॅमेरा बंद पडला, तर खरी पंचाईत. आज डावी कूस मिळाली, परवा दुसरीकडे उजवी. हा एकच वाघ की दोन? सांगता येत नाही. अशा वेळी डाव्या किंवा उजव्या, ज्या कुशीचे फोटो जास्त असतील तीच बाजू धरून मोजतात.

जुळवणीतही मेख आहे. पाय पुढे टाकला की खांद्यावरची कातडी ताणली जाते आणि पट्ट्याचा आकार बदलतो. म्हणून संगणकात वाघाच्या देहाचा त्रिमितीय साचा असतो. फोटोतले खांदा, कंबर, शेपटीचं मूळ असे बिंदू खुणेने दाखवले की साचा फोटोवर चढतो आणि पट्टे सपाट कागदावर पसरल्यासारखे मोजता येतात. संगणक मिळतेजुळते फोटो पुढे करतो. शेवटचा निवाडा अजून माणसाच्या डोळ्याचाच.

आणि जे वाघ फोटोत आलेच नाहीत त्यांचं काय? त्याचं गणित हातानेही करता येतं. समजा पहिल्या फेरीत 30 वाघ ओळखले. दुसऱ्या फेरीतही 30 आले, पण त्यांतले 20 जुनेच निघाले. म्हणजे एका फेरीत दर तिनांतले दोनच वाघ हाती लागतात, तर एकूण साधारण 45. प्रत्यक्षात कॅमेऱ्यांच्या जागाही हिशेबात घेतात आणि गणित बरंच किचकट होतं, पण मूळ कल्पना एवढीच. एक वर्षाखालचे बछडे या आकड्यात धरत नाहीत. 2018 च्या गणनेत देशभरात 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले आणि 3 कोटी 48 लाखांवर फोटो मिळाले. त्यांत वाघाचे किती? 76,651. बाकी बिबटे, हरणं, गुरं, माणसं आणि हललेलं गवत. याच फोटोंच्या साठ्याचा आणखी एक उपयोग आहे: शिकाऱ्याकडे सापडलेलं कातडं त्यांच्याशी ताडून हा वाघ कुठल्या जंगलातला होता हे सांगता येतं. पट्टे मेल्यावरही साक्ष देतात.

हे पट्टे येतात कुठून? 1952 मध्ये ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने एक कल्पना मांडली. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतला हाच तो ट्युरिंग. गर्भाच्या कातडीत दोन रसायनं पसरत आहेत असं धरा. एक स्वतःलाच वाढवतं, दुसरं त्याला आवर घालतं, आणि आवर घालणारं जास्त वेगाने पसरतं. असं असलं की एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप ठिपके किंवा पट्टे उमटतात. कुणी नकाशा काढून द्यावा लागत नाही. मांजरांच्या बाबतीत 2021 मध्ये याला चांगला पुरावा मिळाला. गर्भातल्या पिल्लाच्या कातडीवर केस यायच्या आणि रंग भरायच्या कितीतरी आधी जाड-पातळ पट्टे तयार होतात, आणि पुढे जिथे गडद रंग येणार तिथल्या पेशींत डीकेके-4 नावाचं जनुक आधीच जागं असतं.

दुसरं जनुक टॅकपेप. यात बिघाड झाला की घरच्या मांजराचे सरळ पट्टे भोवऱ्यासारखे पसरट होतात आणि आफ्रिकेतल्या चित्त्याचे ठिपके एकमेकांत मिसळून त्याचा 'राजचित्ता' होतो. ओडिशातल्या सिमिलीपालच्या 'काळ्या' वाघांचं मूळही याच जनुकात आहे, हे बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने 2021 मध्ये दाखवलं. ते वाघ पुरते काळे नसतात, त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांना भिडलेले असतात. हा बदल आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. सिमिलीपालचे वाघ इतर जंगलांपासून तुटून आपापसातच जुगत राहिले, म्हणून तिथे तो इतका वाढला. तेव्हा काळा वाघ बघायला पर्यटक आनंदाने जातात, पण तो त्या जंगलाच्या एकटेपणाचीही खूण आहे.

ट्युरिंगच्या गणिताचा एक मजेदार परिणाम गणितज्ञ जेम्स मरे यांनी काढला. शेपटी म्हणजे निमुळती नळी. बारीक नळीवर ठिपक्यांना जागा पुरत नाही, ते गोल फिरून कडी बनतात. म्हणून ठिपक्यांच्या प्राण्याला पट्ट्यांची शेपटी असू शकते, पण पट्ट्यांच्या प्राण्याला ठिपक्यांची शेपटी नसावी. बिबट्याच्या शेपटीचं टोक पाहा, किंवा जवादी मांजराची शेपूट: अंगावर ठिपके, शेपटीवर कडी. उलटा नमुना शोधून बघा.

झेब्र्यात हेच गणित पट्टे गर्भात कधी उमटतात यावर ठरतं. साध्या झेब्र्याच्या अंगावर पंचवीस-तीस रुंद पट्टे, तर ग्रेव्हीच्या झेब्र्यावर ऐंशीच्या घरात बारीक पट्टे. 1977 मध्ये जीवशास्त्रज्ञ जोनाथन बार्ड यांनी सुचवलं, की उमटताना पट्ट्यांमधलं अंतर दोघांतही सारखंच, सुमारे 0.4 मिलिमीटर असतं. साध्या झेब्र्यात ते तिसऱ्या आठवड्यात उमटतात, तेव्हा गर्भ छोटा, म्हणून थोडेच मावतात आणि पुढे अंगाबरोबर ताणले जाऊन रुंद होतात. ग्रेव्हीच्या झेब्र्यात ते पाचव्या आठवड्यात उमटतात. तोवर गर्भ वाढलेला असतो, म्हणून जास्त मावतात.

पण झेब्र्याला पट्ट्यांचा उपयोग काय? सिंहाची नजर चकते, ही फार जुनी समजूत. पण सिंहाच्या नजरेची ताकद मोजल्यावर दिसलं, की दिवसाउजेडी 50 मीटरच्या पुढे त्याला पट्टे सुटे दिसतच नाहीत, झेब्रा सरसकट राखाडी दिसतो. पट्ट्यांनी अंग थंड राहतं म्हणावं, तर पाणी भरलेल्या पिंपांवर झेब्र्याचं कातडं गुंडाळून पाहिलं तेव्हा पाणी काही थंड राहिलं नाही. टिकला तो माशीचा मुद्दा. गोमाशा चावतात, रक्त पितात, रोग पसरवतात, आणि झेब्र्याचे केस आखूड, म्हणजे सोंड सहज आत जाते.

2019 मध्ये जीवशास्त्रज्ञ टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या एका पागेत साध्या घोड्यांना तीन प्रकारच्या झुली घातल्या: काळी, पांढरी आणि पट्ट्यांची. पट्ट्यांच्या झुलीवर माशा फारच कमी बसल्या. घोड्यांची डोकी उघडी होती, तिथे मात्र तिन्ही वेळा माशा सारख्याच. म्हणजे वासाचा, घामाचा संबंध नाही. घोडे आणि झेब्रे यांच्याभोवतीच्या माशांच्या चित्रफितींत आणखी एक गोष्ट दिसली. माशा लांबून झेब्र्याकडे घोड्याइतक्याच येतात. फरक पडतो शेवटच्या क्षणी: बसायच्या आधी माशीने वेग कमी करायला हवा, तो पट्ट्यांसमोर कमी होत नाही. ती आपटते किंवा बाजूने निघून जाते.

त्याच वर्षी जपानमध्ये सहा काळ्या गायींवर पांढऱ्या रंगाने पट्टे मारले. चावणाऱ्या माशा जवळपास निम्म्यावर आल्या. शंका नको म्हणून काळ्या गायींवर काळ्याच रंगाचेही पट्टे मारून पाहिले, त्याने काही फरक पडला नाही. रंगाच्या वासाने माशा पळाल्या असत्या तर तिथेही पळायला हव्या होत्या. या कामाला 2025 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. हसावं, पण हा दुसरा पट्टा मारायची अक्कल ज्याला सुचली त्याला दाद द्यावी.

पट्टे आपल्यालाही फसवतात, आणि ते थेट घरात. मण्यार आणि कवड्या, दोन्ही रात्री फिरणारे साप, दोघांच्या अंगावर आडवे पांढरे पट्टे. मण्यार निळसर काळी, चकचकीत. तिचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेपाशी पुसट आणि शेपटीकडे ठळक. बिनविषारी कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. भिंतीवर सरसर चढलेला साप बहुधा कवड्या असतो. हा फरक फोटोत छान कळतो. रात्री विजेरीच्या उजेडात, आणि मण्यारीच्या अंगावरचे पट्टे कधीकधी जवळजवळ नसतातच हे धरून, त्यावर विसंबू नये. मण्यार चावल्याचं झोपेत कळतही नाही, सूज जवळपास नसते. तासा-दोन तासांनी पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. तोवर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच असतं, त्यामुळे पट्टे मोजायला साप पकडून न्यायची गरज नसते.