दुबळ्या उमेदवाराची पाठराखण : न्यू हॅम्पशायर, १९६८ आणि त्यानंतर

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकांचा, म्हणजे प्रायमरींचा, हंगाम आला की आघाडीच्या दोन-चार नावांमागे एखादा असा उमेदवार हमखास असतो, ज्याच्यापाशी ना पैसा असतो ना पक्षसंघटना, आणि ज्याची गणना सगळे जाणकार लिंबूटिंबूत करतात. तरीही कडाक्याच्या थंडीत त्याच्यासाठी घरोघर फिरणारी माणसे निघतात. या माणसांच्या हाती आज काही वजन आहे, त्याचे मूळ न्यू हॅम्पशायर राज्यातल्या १९६८ सालच्या प्रायमरीत आणि तिच्यानंतर झालेल्या पराभवात आहे.

तिकीट पक्षश्रेष्ठींनी द्यायचे, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडलेले आहे की अमेरिकेत ते सामान्य मतदार ठरवतात याचे आपल्याला अप्रूप वाटते. परंतु त्या काळापर्यंत तेथेही कारभार फारसा वेगळा नव्हता. प्रायमरी मोजक्या राज्यांत होत आणि उमेदवार निवडणारे राष्ट्रीय अधिवेशनातले बहुतेक प्रतिनिधी राज्याराज्यांतले पक्षनेते ठरवत. १९५२ साली टेनेसीचे सिनेटर एस्टस कीफॉवर यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये खुद्द विद्यमान अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना हरवले आणि पुढे १५ पैकी १२ प्रायमरी जिंकल्या. डेमोक्रॅटिक अधिवेशनाने उमेदवारी मात्र अॅडलाय स्टीव्हन्सन यांच्या पदरात टाकली. ट्रुमन यांनी प्रायमरींची संभावना निव्वळ धूळफेक अशी केली होती, ती त्या वर्षापुरती तरी खरी ठरली.

१९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना पक्षातूनच आव्हान द्यावे, यासाठी अॅलर्ड लोवेनस्टाइन हा कार्यकर्ता उमेदवार शोधत फिरत होता. सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी नकार दिला, सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांनीही दिला. अखेर ३० नोव्हेंबरला मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी उभे राहिले. ते कविता लिहिणारे, काहीसे अलिप्त स्वभावाचे आणि सभा जिंकण्याची फारशी हौस नसलेले गृहस्थ होते. अशा माणसासाठी कॉलेजातल्या पोरांनी रान उठवले, यातच या लढतीचे अर्धे मर्म आहे, कारण ती पोरे व्यक्तीपेक्षा युद्धविरोधाच्या मुद्द्यामागे उभी होती. जानेवारीअखेर टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्ट फौजांनी केलेल्या हल्ल्याने युद्ध आटोक्यात आल्याच्या सरकारी दाव्याला तडा गेला आणि त्या मुद्द्याला धार आली.

ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतून विद्यार्थी न्यू हॅम्पशायरमध्ये उतरले. सनातनी वळणाच्या गावांत दारे उघडली जावीत म्हणून मुलांनी दाढ्या काढल्या, केस कापले. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांना मागच्या खोलीत पाकिटांवर पत्ते लिहायला बसवले जाई. यांतल्या अनेकांना स्वतःचे मत नव्हते, कारण मतदानाचे वय तेव्हा २१ होते आणि ते १८ वर आले ते १९७१ च्या घटनादुरुस्तीने. उलट बाजूस जॉन्सन यांच्या स्थानिक पुढाऱ्यांनी मतदारांकडून पाठिंब्याची कार्डे भरून घेण्याची शक्कल लढवली, ज्यांचा एक भाग थेट व्हाइट हाउसला जायचा होता. गुप्त मतदानाचे मोल जाणणाऱ्या त्या राज्यात ही शक्कल अंगाशी आली.

१२ मार्चला निकाल लागला, तेव्हा जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के आणि मॅकार्थी यांना सुमारे ४२ टक्के मते होती. म्हणजे मॅकार्थी हरले होते, जरी जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर नसल्यामुळे त्यांच्या मतदारांना ते हाताने लिहावे लागले होते. प्रतिनिधींचे गणित निराळे निघाले: जॉन्सनसमर्थकांनी गरजेपेक्षा जास्त माणसे उभी करून आपली मते फोडली आणि २४ पैकी २० जागा मॅकार्थींना गेल्या. हा सगळा कौल शांततेचा होता असेही नाही. मॅकार्थींना मत देणाऱ्यांत युद्ध अधिक जोमाने लढावे असे म्हणणारेच अधिक होते, असे नंतरच्या अभ्यासातून दिसले. त्यांचा राग जॉन्सन यांच्यावर होता. चारच दिवसांत केनेडी रिंगणात आले, याची मॅकार्थींच्या पोरांना चीड आली आणि ती रास्त होती. ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार जाहीर केली.

केनेडी जूनमध्ये मारले गेले. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती एकही प्रायमरी न लढवलेल्या उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, आणि बाहेर रस्त्यावर युद्धविरोधी निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या. त्या संतापाला वाट करून देण्यासाठी प्रतिनिधी निवडीचे नियम सुधारण्याचे ठरले, आणि आधी मॅकगव्हर्न व नंतर डोनाल्ड फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने बंद खोलीतल्या निवडीला जवळजवळ पूर्णविराम दिला. नवे नियम पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून राज्यामागून राज्ये प्रायमरीकडे वळली. त्याचा पहिला लाभ १९७२ मध्ये खुद्द मॅकगव्हर्न यांनाच झाला आणि उमेदवारी त्यांना मिळाली. प्रत्यक्ष निवडणुकीत मात्र ५० पैकी ४९ राज्ये त्यांच्या हातून गेली.

पैशाचीही एक कथा आहे. मॅकार्थींच्या भाबड्या वाटणाऱ्या मोहिमेला स्टुअर्ट मॉट यांच्यासारख्या धनिकांनी लाखो डॉलर दिले होते. १९७४ च्या कायद्याने एका व्यक्तीच्या देणगीवर १,००० डॉलरची मर्यादा घातली आणि छोट्या देणग्यांना सरकारी तिजोरीतून जोड दिली. 'जिमी कोण?' अशी ज्यांची टर उडवली जाई, त्या जिमी कार्टर यांना १९७६ मध्ये या व्यवस्थेचा आधार मिळाला. आयोवा राज्याच्या पक्षसभांत ते इतर सर्व उमेदवारांच्या पुढे राहिले, पण कोणत्याच उमेदवाराला पाठिंबा न देणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्या समर्थकांहूनही जास्त होते. न्यू हॅम्पशायरमध्ये जॉर्जियाहून स्वखर्चाने आलेले शेजारी त्यांच्यासाठी दारोदार फिरले.

कार्टर यांच्यानंतर पक्षनेत्यांनी गमावलेले थोडे परत मिळवले. १९८४ पासून खासदार व पदाधिकारी सुपरडेलिगेट म्हणून, कोणालाही न बांधलेले, अधिवेशनात बसू लागले. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांनी सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांवर न्यू हॅम्पशायर सुमारे ६० टक्के मतांनी जिंकले, तरी सुपरडेलिगेटांचा मोठा गट आधीपासूनच हिलरी क्लिंटन यांच्यामागे उभा होता. सँडर्स समर्थक हरले, पण त्यांनी हा मुद्दा सोडला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये, शिकागोतच झालेल्या बैठकीत, पक्षाने सुपरडेलिगेटांचा चुरशीच्या लढतीतील पहिल्या फेरीचा मताधिकार काढून घेतला.