पहिलं बेटकास्टिंग रील: आम्ही आधी लुअरचं वजन का विचारतो आणि स्पूल काठोकाठ का भरत नाही

‘पहिलंच बेटकास्टिंग रील घ्यायचंय, कुठलं घेऊ?’ असं कुणी विचारलं की आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो: लुअर, म्हणजे माशाला भुलवायचं नकली आमिष, किती ग्रॅमचं टाकणार? काहींना ही टाळाटाळ वाटते. त्यांना मॉडेलचं नाव हवं असतं, किंवा ‘जास्त बेअरिंगवालं दाखवा’ म्हणायचं असतं. पण वजन कळल्याशिवाय आम्ही रील काढून दाखवत नाही. ‘खराब निघालं’ म्हणून आमच्याकडे परत येणारी नवी रीलं उघडून पाहिली, तर बहुतेकांत बिघाड सापडत नाही. त्यांच्यावर फार हलकं लुअर टाकलेलं असतं, एवढंच.

स्पिनिंग रीलमध्ये कास्टच्या वेळी, म्हणजे लुअर फेकताना, स्पूल (लाईन गुंडाळलेली रिळी) फिरत नाही, लाईन नुसती वेटोळ्यांनी सुटत जाते. त्यामुळे २ ग्रॅमचं लुअरही सहज जातं. बेटकास्टिंगमध्ये स्पूल गरगर फिरतो आणि त्याला फिरवायचं काम लुअरचंच. लुअर सुटतं तेव्हा वेगात असतं, पुढे हवा त्याला अडवते आणि ते मंदावतं. स्पूल मात्र घेतलेल्या वेगानेच फिरत राहतो. लाईन सुटते, पण पुढे ओढायला कुणी नसतं, मग ती स्पूलवरच फुगते आणि गुंता होतो. स्पूल जितका जड, तितका तो सुरू व्हायला आळशी आणि थांबायला हट्टी.

म्हणून हलक्या लुअरसाठी रील निवडताना आधी स्पूल बघा. रोजच्या वापराच्या रीलांचा स्पूल साधारण ३२ ते ३६ मिलिमीटर व्यासाचा आणि खोल असतो. ७ ते १० ग्रॅम आणि त्यापुढच्या लुअरला तो उत्तम. ३ ते ६ ग्रॅमसाठी मात्र २८ ते ३० मिलिमीटरचा, उथळ आणि पातळ भिंतीचा स्पूल हवा. ‘बेट फिनेस’ म्हणून जी रीलं मिळतात ती याच कामासाठी असतात, आणि त्यांतले चांगले स्पूल १० ग्रॅमच्या आत भरतात. बेअरिंग किती, यापेक्षा स्पूलला आधार देणारी दोन बेअरिंग चांगली आहेत का, ते विचारा. हँडलच्या मुठीत चार बेअरिंग जास्त घातली म्हणून कास्ट लांब जात नाही.

वजन सांगताना एक चूक हमखास होते. जिगहेडवर (वजनाचं डोकं असलेल्या गळावर) २ ग्रॅम लिहिलेलं असतं आणि तेवढंच आम्हाला सांगितलं जातं. त्यावर रबरी मासा चढवला की एकूण साडेतीन-चार ग्रॅम होतात. रीलच्या दृष्टीने सगळा फरक इथेच पडतो. शक्य असेल तर लुअर गळासकट घेऊन या, काट्यावर ठेवून पाहू. आकारही महत्त्वाचा. ४ ग्रॅमचा धातूचा जिग हवा कापत जातो, तर तेवढ्याच वजनाचं फुगीर तरंगतं लुअर अर्ध्या वाटेत दमतं. आणि तुमचं सगळं काम २ ग्रॅमच्या आतलं असेल तर आम्ही स्पष्टच सांगतो, स्पिनिंग रील घ्या. तेही आमच्याकडे आहे.

आता ज्या तक्रारीमुळे हे पत्रक लिहायला घेतलं त्याकडे येतो: ‘तुम्ही लाईन कमी भरलीत.’

आमच्याकडून हलक्या लुअरचं रील घेतलं की लाईन आम्हीच भरून देतो आणि मुद्दाम ५० मीटरच्या आसपास भरतो. स्पूलची कड मोकळी दिसते, आणि ग्राहकाला वाटतं की आम्ही हात आखडता घेतला. मग घरी जाऊन कुणी त्यावर जाड तंगूस काठोकाठ भरतं आणि आठवड्याने गुंत्याचा गोळा घेऊन परत येतं. इथे हिशोब सांगितलेला बरा. ०.३० मिलिमीटर जाडीची नायलॉन लाईन १०० मीटर घेतली तर तिचं वजन साधारण ८ ग्रॅम भरतं. ०.२० मिलिमीटरची ५० मीटर घेतली तर पावणेदोन-दोन ग्रॅम. म्हणजे जाड लाईन भरली की ३ ग्रॅमच्या लुअरने स्पूल तर फिरवायचाच, वर स्वतःच्या दुपटीहून जास्त वजनाची लाईनही फिरवायची. आणि ती लाईन बसते कडेला, जिथलं वजन फिरवायला आणि थांबवायला सगळ्यात कठीण. हलका स्पूल निवडून वाचवलेलं वजन असं लाईनच्या रूपाने परत चढवलं जातं.

हलकं लुअर चांगल्या हातातही बहुधा २०-२५ मीटर जातं. तेवढीच लाईन मासा पळेल तेव्हा हाताशी उरते. ज्या पाण्यात मासा १०० मीटर लाईन ओढून नेईल अशी खात्री आहे, तिथे हे रीलच चुकीचं. तसं आधी सांगा, आम्ही मोठं रील दाखवू.

ब्रेड (धागे विणून केलेली) लाईन हवी असेल तर खाली थोडी नायलॉन किंवा टेपची छोटी पट्टी लागते, नाहीतर गाठीसकट सगळी लाईन स्पूलवर घसरते आणि ‘ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन दाबून सोडणारी यंत्रणा) काम करत नाही’ असं वाटतं. शिवाय अगदी केसासारखी बारीक ब्रेड ओढ बसली की खालच्या थरात रुतते. पहिल्या रीलला नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनची ६ ते ८ पौंडी (तेवढा ताण सोसणारी) लाईन बरी, गुंता सोडवणंही सोपं जातं.

घरी नेल्यावर दुसरा घोळ टेन्शन नॉबचा, म्हणजे स्पूल बाजूने दाबणाऱ्या गोल बटणाचा होतो. गुंता झाला की लोक तो आवळतात, पुन्हा झाला की आणखी आवळतात. मागे एक रील आलं होतं, त्याचा स्पूल बोटाने ढकलला तरी अर्ध्या फेऱ्यात थांबत होता. मालक म्हणाले, ‘दहा मीटरपुढे जातच नाही.’ आम्ही नॉब सैल केला, अंगठ्याने स्पूल डावी-उजवीकडे हलवून पाहिला, आणि तो खुळखुळणं जेमतेम थांबेपर्यंतच परत आवळला. बस, नॉबचं काम तेवढंच. वेग आवरायचं काम ब्रेकचं. सुरुवातीला ब्रेक सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवा आणि हात बसला की एकेक आकडा उतरवा. नवशिक्यांना आम्ही बाहेरून फिरवता येणारा चुंबकी ब्रेक सुचवतो. सेंट्रिफ्युगल (स्पूलच्या वेगाने बाहेर सरकून घासणारे) ब्रेकही चांगले, पण त्यांतल्या बऱ्याच रीलांत सेटिंग बदलायला बाजूचं झाकण उघडावं लागतं, आणि ओल्या हातांनी ते नको वाटतं.

लुअर पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने स्पूल थांबवायचाच. याला कुठल्याही ब्रेकचा पर्याय नाही.

एवढं करूनही गुंता होईल, सगळ्यांचा होतो. तेव्हा ब्लेड किंवा चाकू हातात घेऊ नका. स्पूलच्या कडेला पडलेला ओरखडा पुढे प्रत्येक कास्टला लाईन खातो, आणि ते वॉरंटीत बसत नाही. अंगठा स्पूलवर घट्ट दाबा, दाब न सोडता हँडलचे दोन-तीन फेरे मारा, मग लाईन हळूच बाहेर ओढा. अडकली की पुन्हा तेच. तीन-चार वेळांत बहुतेक गुंते सुटतात. नंतर लाईन बोटांतून फिरवून पाहा. जिथे मोडल्यासारखी घडी पडलीय तिथून पुढचा तुकडा काढून टाका, नाहीतर मासा तिथूनच तोडेल.

रॉडवर लिहिलेली लुअरच्या वजनाची मर्यादाही बघा. ४ ग्रॅमच्या लुअरने रॉड वाकलाच नाही तर तो फेकणार कशाने? लोक मग जोराने झटका देतात, आणि झटका म्हणजे गुंता. जुना रॉड वापरायचा असेल तर घेऊन या, त्यावर रील लावूनच पाहू.

गिअरचा आकडा एकटा वाचू नका. ७:१ चं रील (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे सात) ३४ मिलिमीटरच्या भरलेल्या स्पूलवर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७५ सेंटिमीटर लाईन घेतं, २८ मिलिमीटरच्या स्पूलवर ६१-६२, आणि लाईन कमी भरलेली असली की आणखी थोडी कमी. म्हणून छोट्या स्पूलला ७ किंवा ८ चा गिअर जड वाटत नाही.

हँडल डावं की उजवं, हे मात्र घेतानाच ठरवा. स्पिनिंग रीलसारखं ते काढून दुसऱ्या बाजूला बसत नाही. दुकानात दोन्ही बाजूंची रीलं रॉडला लावून ठेवलेली आहेत, दोन्ही फिरवून बघा. सोबत बिनगळाची ५ ग्रॅमची सरावाची वजनं देतो. ती मोकळ्या मैदानात टाकून आधी हात बसवा, ३ ग्रॅमकडे नंतर या. पहिल्या महिन्यात रील एकदा परत आणलंत तर ब्रेक आणि नॉब तुमच्या लुअरप्रमाणे आम्ही समोर लावून देऊ. येताना रॉड आणि तेच लुअर सोबत असू द्या.