पार्श्वभूमी : ‘शांतिसेना’ या शब्दाआड गेलेले युद्ध

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत झालेल्या भारत-श्रीलंका कराराच्या परिशिष्टात एक कलम आहे : श्रीलंकेचे सरकार आणि तमिळ सशस्त्र संघटना यांच्यातील शत्रुत्व थांबवण्याची ‘हमी देण्यासाठी आणि ते अमलात आणण्यासाठी’ गरज पडल्यास श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिपथकाला पाचारण करू शकतील. ऑपरेशन पवनमध्ये, म्हणजे या शांतिसेनेच्या श्रीलंकेतील मोहिमेत, लढलेल्यांच्या सन्मानाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला, त्याचे मूळ या कलमात आहे. हमी मध्यस्थ देतो; अंमलबजावणी करणाऱ्याला मात्र शस्त्र चालवावे लागते. दोन्ही कामे एकाच सैन्याच्या गळ्यात पडली आणि नाव तेवढे पहिल्या कामाचे मिळाले.

सर्वांत प्रबळ तमिळ संघटनेने, एलटीटीईने, शस्त्रे खाली ठेवण्यास नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये उत्तर श्रीलंकेतील जाफन्याची लढाई पेटली. ११ तारखेच्या रात्री विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या पायदळाच्या ३० जणांपैकी २९ जण ठार झाले, एक जिवंत पकडला गेला. त्याच महिन्यात जाफना रुग्णालयात भारतीय सैन्याच्या गोळीबारात रुग्ण आणि कर्मचारी मृत्युमुखी पडले. सन्मानाची मागणी करताना हेही झाकून चालणार नाही. नोव्हेंबरात छातीत गोळी लागल्यावरही हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला ठार करणाऱ्या, मुंबईत जन्मलेल्या मेजरला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे पदक शत्रूसमोर गाजवलेल्या पराक्रमासाठी दिले जाते, म्हणजे समोर शत्रू होता हे शासनाने स्वतःच मान्य केले होते. तरीही त्या मोहिमेला युद्ध म्हणण्याचे टाळले गेले.

२४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी परतली तोपर्यंत सुमारे १,२०० सैनिकांनी प्राण गमावले होते, दोन्ही देशांचे नेतृत्व बदलले होते, आणि मद्रास बंदरावर परतणाऱ्यांच्या स्वागताला तत्कालीन मुख्यमंत्री गेले नाहीत. मे १९९१ मध्ये एलटीटीईने केलेल्या माजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हत्येनंतर हा विषय काढणेच अवघड झाले.

पुढे कोलंबोलगत श्री जयवर्धनपुर कोट्टे येथे या सैनिकांचे स्मारक श्रीलंकेने उभारले आणि मार्च २०१५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याच्या त्याग चक्रातील ग्रॅनाइटच्या फलकांवर सोनेरी अक्षरांत ऑपरेशन पवनमधील हुतात्म्यांचीही नावे आहेत. मात्र १६ डिसेंबरच्या विजय दिवसासारखा किंवा २६ जुलैच्या कारगिल विजय दिवसासारखा दिवस त्यांच्या वाट्याला दीर्घकाळ आला नाही, आणि माजी सैनिक दरवर्षी आपापल्या पातळीवर जमून आपल्या सोबत्यांना मानवंदना देत राहिले.