येरळवाडीचे रोहित, येलहंकाची विमाने आणि लेन्सची निवड

खटाव तालुक्यातील येरळवाडीच्या तलावावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी उतरू लागले, की सातारा-सांगलीकडचे हौशी छायाचित्रकार टेलिफोटो लेन्सच्या चौकशीला लागतात. त्यांतलेच काही जण दर दोन वर्षांनी बेंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर भरणाऱ्या ‘एरो इंडिया’ या विमानप्रदर्शनाला जाण्याचा बेतही आखतात. एकाच लेन्सवर दोन्ही कामे भागावीत, ही अपेक्षा खर्च पाहता रास्तच आहे. मात्र दुकानात गेल्यावर ‘किती मिलिमीटरची घेऊ?’ असे विचारण्याआधी आपण कशाचे, किती अंतरावरून आणि कोणत्या वेळी छायाचित्र काढणार आहोत, याचा हिशेब मांडलेला बरा.

हा हिशेब शाळेतल्या प्रकाशशास्त्राइतकाच सोपा आहे. वस्तूच्या उंचीला लेन्सच्या नाभीय अंतराने, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याने, गुणून वस्तूपर्यंतच्या अंतराने भागले, की सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची उंची मिळते. सुमारे १.३ मीटर उंचीचा रोहित काठापासून १५० मीटर आत उभा असेल, तर ३०० मिमी लेन्स त्याची २.६ मिमी उंचीची प्रतिमा देते आणि ६०० मिमी लेन्स ५.२ मिमीची. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरची उंची २४ मिमी असते. म्हणजे ६०० मिमीची लेन्स लावूनही पक्षी चौकटीचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो. अनेक हौशी कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर त्याहून लहान असल्यामुळे तोच पक्षी चौकटीच्या एकतृतीयांश भरतो, पण त्याची प्रतिमा ५.२ मिमीचीच राहते. खरा फायदा होतो तो पिक्सेल लहान असल्यामुळे: २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, तर तितक्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. त्यामुळे त्याच पक्ष्याचे तपशील अधिक पिक्सेलांत नोंदले जातात.

विमानांच्या बाबतीत अडचण निराळी असते. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती पथकाचे हॉक विमान सुमारे साडेबारा मीटर लांबीचे आहे. ५०० मीटरवरून ४०० मिमीच्या लेन्सने पाहिले, तर त्याची प्रतिमा जवळजवळ १० मिमीची येते, म्हणजे आकाराची चिंता उरत नाही. तेच विमान ताशी सुमारे ५४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५० मीटर वेगाने समोरून आडवे जात असेल, तर ते आपल्या दृष्टीने सेकंदाला १७ अंश सरकते. ४०० मिमी लेन्सची आडवी दृष्टी अवघी पाच अंशांची असते. लेन्स स्थिर धरली, तर विमान एकतृतीयांश सेकंदाच्या आत चौकटीतून निघून जाईल. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला तरी तेवढ्यात ते १५ सेंटिमीटर पुढे गेलेले असते आणि सेन्सरवर वीस-तीस पिक्सेलांचा फराटा उमटतो. म्हणून विमानाबरोबर लेन्स फिरवण्याला, म्हणजे पॅनिंगला, पर्याय नाही. शिवाय नऊ विमानांची रचना एकत्र येते आणि क्षणात फुटते, तेव्हा १०० मिमीपासून ४०० मिमीपर्यंत हाताशी असणारी झूम लेन्सच कामाची. एकाच नाभीय अंतराची ६०० मिमी लेन्स तिथे हात बांधल्यासारखी वाटते.

हवाई दलाच्याच सारंग पथकाच्या ध्रुव हेलिकॉप्टरांसाठी मात्र शटर मुद्दाम मंद ठेवावे लागते. मुख्य पंखा मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेतो असे धरले, तर १/१००० सेकंदात पाते दोन अंशसुद्धा वळत नाही आणि हेलिकॉप्टर आकाशात टांगून ठेवल्यासारखे दिसते. १/६० सेकंदात ते ३० अंश वळते आणि गती जाणवते. शटर मंद असताना हाताची थरथर सावरणाऱ्या, लेन्समधील कंपनरोधक यंत्रणेचा खरा उपयोग इथे होतो. पळत्या काळविटाला ती थांबवू शकत नाही, हे मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत.

लेन्सची किंमत नाभीय अंतरापेक्षा तिच्या प्रकाशद्वाराच्या व्यासाने ठरते. ‘एफ’पुढचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले हा व्यास; म्हणून ६०० मिमी एफ ४ लेन्सचा व्यास १५० मिमी, तर एफ ६.३ लेन्सचा सुमारे ९५ मिमी असतो. पहिली सुमारे अडीचपट प्रकाश घेते, पण तिचे वजन तीन किलोच्या घरात आणि किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. दोन किलोच्या आसपासच्या १५०-६०० किंवा २००-६०० मिमी झूम लेन्सा एक-दोन लाखांत मिळतात आणि माझ्या मते हौशी माणसाने तिथेच थांबावे. सागरेश्वर अभयारण्याच्या झाडोऱ्यात पहाटेच्या अंधुक उजेडात सांबर टिपायचे असेल, तर एफ ६.३ अपुरे पडते, हे खरे. पण तिथे अंतरही कमी असते आणि ७०-२०० मिमी एफ २.८ भागवून नेते. सांगली-मिरजेत लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्यांकडे ही लेन्स असतेच. तिच्यावर दुप्पट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारे नाभीय अंतर वाढवणारे जोडभिंग, लावला, की ती १४०-४०० मिमी एफ ५.६ होते. एफ ६.३ लेन्सवर अगदी १.४ पट कन्व्हर्टरही चढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण प्रकाश घटतोच आणि विवर्तनामुळे, म्हणजे द्वारातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रत्येक प्रकाशबिंदूचा ठिपकाही मोठा होतो, एफ ६.३ ला सुमारे साडेआठ मायक्रॉनचा असलेला हा ठिपका एफ ९ ला बारा मायक्रॉनचा होतो.

एवढे करूनही शेवटचा शब्द हवेचा असतो. तापमान एक अंश सेल्सियसने बदलले, की हवेचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) दहा लाखांत साधारण एक भाग बदलतो. फरक क्षुल्लक असला तरी खटाव-माणच्या वर्षाछायेतील उघडी जमीन फेब्रुवारीतही दहा वाजेपर्यंत तापते. गरम आणि गार हवेचे झोत जमिनीलगत मिसळू लागतात, आणि २०० मीटरच्या वाटेवर प्रकाशकिरण असंख्य वेळा किंचित वळतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दृश्य मोठे करून पाहिले, तर रोहिताचे बारीक पाय पाण्यात धरलेल्या काडीसारखे लचकताना दिसतात आणि ऑटोफोकस पुढे-मागे घुटमळत राहतो. अशा वेळी ८०० मिमी लेन्स पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी करते. पक्षी न उठवता अंतर निम्मे करता आले किंवा सूर्योदयालाच पोहोचता आले, तर जो फरक पडतो तो कोणत्याही लेन्सने पडत नाही. मोटारीतून छायाचित्र काढताना एसी आणि इंजिन बंद करून काचा आधीच उघडून ठेवाव्यात. एरवी बॉनेटवरची ऊन हवाच दृश्य बिघडवते. येलहंकालाही दुपारी धावपट्टीवरून धावणारे विमान असेच विरघळल्यासारखे दिसते, तर डोक्यावरून जाणारे स्वच्छ येते, कारण वर पाहताना नजर तापलेल्या थराबाहेर लवकर पडते.

लेन्स घेण्याआधी एक-दोन दिवस भाड्याने आणून साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर जावे. तिथे ३५ मीटरवरून सेकंदाला दहा मीटर वेगाने तरंगत जाणारी घार आपल्या नजरेसमोर सेकंदाला सुमारे १६ अंश सरकते, म्हणजे जवळपास ५०० मीटरवरच्या हॉक विमानाइतकीच. दोन किलोची लेन्स तिच्याबरोबर फिरवत ठेवणे हाताला झेपते की नाही, हे तासाभरात कळते.