ईमॅक्सचे मूळ शोधमार्ग

ग्नू ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर आपल्या लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फाइली, सहायक प्रोग्रॅम, आयकॉन आणि मदतीची पाने कोणत्या डिरेक्टऱ्यांत आणि कोणत्या क्रमाने शोधतो, हे ठरवणाऱ्या याद्यांना शोधमार्ग म्हणतात. त्यांतली सर्वांत महत्त्वाची यादी म्हणजे ‘लोड-पाथ’. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये लिहायला घेतलेल्या आणि १९८५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या या एडिटरचा गाभा सी भाषेत आहे. पण वापरणाऱ्याला रोज लागणारी बहुतेक कामे ईमॅक्स लिस्पमध्ये लिहिलेली आहेत आणि त्यातला बराच भाग गरज पडेल तेव्हाच मेमरीत येतो. म्हणून लोड-पाथ बिघडला, की ईमॅक्स उघडतो खरा, पण त्याच्या हातून फारसे काही होत नाही.

मूळ मार्ग ठरतात ते कम्पाइल करताना, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करताना. सोर्स कोडच्या ‘एसआरसी’ डिरेक्टरीत ‘ईपाथ्स.इन’ नावाचा एक साचा असतो. ‘कॉन्फिगर’ ही बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट चालवताना दिलेली माहिती घेऊन मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने या साच्यातून ‘ईपाथ्स.एच’ तयार करते. लिस्प फाइलींसाठी ‘पाथ_लोडसर्च’, सहायक प्रोग्रॅमसाठी ‘पाथ_एक्झेक’, इतर साहित्यासाठी ‘पाथ_डेटा’, असे वेगवेगळे मॅक्रो, म्हणजे मार्गांना दिलेली नावे, तिच्यात असतात. घाईच्या वेळी नेमकी हीच फाइल हाताने बदलायचा मोह होतो. तो टाळावा. ती यंत्राने बनवलेली फाइल आहे. कॉन्फिगर पुन्हा चालवले की केलेला बदल पुसला जातो आणि मग मार्ग कुठे चुकला याचा पत्ता लागत नाही. योग्य जागा कॉन्फिगरच्या पर्यायांची. कुठे इन्स्टॉल करायचे ते सांगणारा ‘प्रिफिक्स’ दिला नाही तर सारे काही ‘/यूएसआर/लोकल’खाली बसते; संस्थेच्या स्वतःच्या लिस्प फाइली वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या असतील, तर ‘इनेबल-लोकललिस्पपाथ’ हा पर्याय आहे.

या स्थानिक फाइलींची नेहमीची जागा म्हणजे ‘साइट-लिस्प’. एक साइट-लिस्प त्या-त्या आवृत्तीपुरती असते, दुसरी सगळ्या आवृत्त्यांना सामाईक. दोन्ही ईमॅक्सच्या मूळ लिस्प डिरेक्टरीच्या आधी शोधल्या जातात, त्यामुळे तिथे ठेवलेली फाइल त्याच नावाच्या मूळ फाइलीवर मात करते. ‘-क्यू’ (कॅपिटल क्यू) देऊन ईमॅक्स सुरू केला, तर साइट-लिस्प आणि वापरणाऱ्याची स्वतःची सेटिंग्ज दोन्ही वगळली जातात. दोष ईमॅक्सचा की आपल्या सेटिंगचा, हे पाहायला याच्याइतकी चांगली पहिली पायरी नाही.

इन्स्टॉल न करता, जिथे बिल्ड झाला तिथूनच ईमॅक्स चालवता येतो, ही फार विचारपूर्वक केलेली सोय आहे. ठरलेल्या जागी डिरेक्टऱ्या सापडल्या नाहीत, तर तो आपल्या बायनरीच्या, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅम फाइलीच्या, आसपास त्या शोधतो. त्यामुळे इन्स्टॉल केलेल्या प्रतीला धक्का न लावता सोर्समधला बदल तपासता येतो. ‘ईमॅक्सलोडपाथ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेले मूल्य) दिले, तर मूळ यादीच्या जागी त्यातली यादी येते. मात्र त्यात एखादा घटक रिकामा सोडला, तर त्या ठिकाणी मूळ यादी भरली जाते. ही सवलत २४.४ या आवृत्तीपासून आहे.

शोध यादीच्या क्रमाने होतो आणि पहिली सापडलेली फाइल घेतली जाते. एकाच डिरेक्टरीत कम्पाइल केलेली ‘.ईएलसी’ आणि मूळ ‘.ईएल’ अशा दोन्ही असतील, तर एरवी ‘.ईएलसी’ घेतली जाते, मग ‘.ईएल’ कितीही नवी असो. दुरुस्ती करूनही जुनेच वागणे दिसते ते बहुधा यामुळे. ‘लोड-प्रिफर-न्यूअर’ चालू केल्यावर नवी फाइल निवडली जाते. उपडिरेक्टऱ्या आपोआप शोधल्या जात नाहीत. त्या यादीत घालण्याचे काम ‘सबडिर्स.ईएल’ ही फाइल करते.

मराठी टाइप करणाऱ्यालाही याच यादीचा उपयोग होतो. ‘देवनागरी-आयट्रान्स’ ही रोमन अक्षरांतून देवनागरी लिहिण्याची इनपुट पद्धत निवडली, की ईमॅक्स लोड-पाथमधून ‘क्वेल/इंडियन’ ही फाइल शोधतो. लिस्प डिरेक्टरीतल्या ‘लाइम’ या उपडिरेक्टरीचा मार्ग यादीत असतो, म्हणून ती सापडते. तो मार्ग गळाला, तर पद्धतीचे नाव माहीत असूनही कळफलकावरून देवनागरी उमटणार नाही.

वापरणाऱ्याने स्वतःची डिरेक्टरी जोडायची असल्यास सुरुवातीच्या सेटिंग फाइलीत ‘ॲड-टू-लिस्ट’ वापरतात. ती यादीच्या सुरुवातीला जाते. मात्र सेटिंग फाइल जिथे असते ती ‘.ईमॅक्स.डी’ डिरेक्टरीच यादीत घालू नये. तसे केल्यास ईमॅक्स इशारा देतो. त्याऐवजी तिच्यात वेगळी उपडिरेक्टरी करावी. खरा त्रास होतो तो ऑर्ग मोडसारख्या (टिपणे आणि कामांच्या याद्या ठेवण्याचे पॅकेज), ईमॅक्ससोबतच येणाऱ्या पॅकेजची नवी आवृत्ती बसवताना. जुन्या आवृत्तीचा काही भाग आधीच लोड झाला आणि नंतर नवा मार्ग जोडला गेला, तर दोन आवृत्त्यांची सरमिसळ होते आणि कारण सहजी न उमगणाऱ्या त्रुटी येऊ लागतात. मार्ग आधी, लोड नंतर, हा क्रम पाळला की हे टळते. कोणती फाइल कोणत्या फाइलीला झाकते आहे ते ‘लिस्ट-लोड-पाथ-शॅडोज’ ही आज्ञा दाखवते.

सी भाषेतला कोड शोधण्याचा मार्ग निराळा आहे. मदतीच्या पानावरून एखाद्या मूळ फंक्शनच्या कोडपर्यंत जायचे, तर ‘फाइंड-फंक्शन-सी-सोर्स-डिरेक्टरी’ या व्हेरिएबलमध्ये ‘एसआरसी’ डिरेक्टरीचा पत्ता असावा लागतो. ईमॅक्स स्वतः बिल्ड केला असेल आणि सोर्स जागेवर असेल, तर तो पत्ता आपोआप भरला जातो. तयार पॅकेज घेतले असेल, तर त्याच आवृत्तीचा सोर्स उतरवून पत्ता हाताने द्यावा लागतो.