अपघात भरपाईतला मुलाचा हिस्सा : तडजोडीवर सही कोणाची चालते?

सुरत-नागपूर महामार्गावर घरचा कमावता माणूस गेला की दावा जळगाव, धुळे नाहीतर नंदुरबारच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो. पुढे विमा कंपनी आकडा सांगते आणि घरात 'मिटवून टाका' सुरू होतं. पण दावेदारांत अठरा वर्षांखालचं मूल असेल तर घरच्यांनी मिटवून ते मिटत नाही. मुलाच्या हिश्श्याची तडजोड कोर्टाच्या परवानगीनेच होते.

मुलाच्या वतीने दावा चालवणारा तो वादमित्र. बहुतेक वेळा आई असते. अर्जात 'अज्ञान, अ.पा.क. आई' (अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अठरा वर्षांखालच्या मुलाचा पालक) एवढं लिहिलं की काम भागतं, नेमणुकीचा वेगळा हुकूम लागत नाही. वादमित्र सज्ञान हवा, मानसिकदृष्ट्या सक्षम हवा आणि त्याचं हित मुलाच्या हिताच्या आड येता कामा नये. आपल्याकडे घोळ इथेच होतो. मूल काकाच्याच ट्रॅक्टरवरून पडलेलं असतं, काका दाव्यात सामनेवाला असतो, आणि घरातला जाणता म्हणून सहीला त्यालाच पुढे करतात. हे चालत नाही. सातबाऱ्यावर मुलाचा अ.पा.क. म्हणून त्याचं नाव असलं तरी नाही.

तडजोड ठरली की परवानगीचा अर्ज द्यायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 7 प्रमाणे त्याला दोन कागद जोडावे लागतात: तडजोड मुलाच्या हिताची आहे असं वादमित्राचं प्रतिज्ञापत्र आणि त्याच अर्थाचं वकिलांचं प्रमाणपत्र. लोकअदालतीच्या गर्दीत हे राहून जाऊ शकतं, म्हणून वकिलांना आधीच विचारा. परवानगीशिवाय झालेली तडजोड मुलाच्या बाजूने रद्द करून घेता येते. समोरच्याला मात्र ती सोय नाही.

आई-वडील दोघंही नसतील तर आजी-आजोबा किंवा मामा वादमित्र होऊ शकतात. पण कोर्टाने नेमलेला पालक नसेल तर पैसे हातात देण्याआधी तारण मागितलं जातं. म्हणून पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली जिल्हा न्यायालयात अर्ज केलेला बरा. मूल नेहमी राहतं त्या जिल्ह्यात तो करायचा: अपघात शिरपूरला झाला, पण मूल चोपड्याला आजोळी वाढतंय, तर जळगावला. अर्जात मुलाची जन्मतारीख, धर्म, मालमत्ता, जवळचे नातेवाईक हे सगळं येतं. होणाऱ्या पालकाचं संमतीपत्र हवं, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. मग नातेवाइकांना नोटिसा जातात. मूल समजतं असेल तर त्याचं म्हणणंही कोर्ट विचारात घेतं.

बाकी कागद नेहमीचे: जन्म दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, मृत्यू दाखला, एफआयआर, पंचनामा, मुलाच्या नावाचं बँक खातं.

मुलाची रक्कम सहसा अठरा पूर्ण होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहते. शिक्षण किंवा दवाखान्यासाठी मधेच हवी असेल तर पुन्हा कोर्टात अर्ज, सोबत फीची पावती नाहीतर दवाखान्याचा अंदाजखर्च. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.