खिशातली दोन पेनं आणि उलटं बसलेलं भिंग

गेल्या दिवाळीत पुतण्यानं आज्जांचा फोटो ‘साफ’ करून आणला. मूळ फोटो सव्वादोन इंचांचा चौकोन, कडा पिवळ्या पडलेल्या. मोबाइलमधल्या एआय अ‍ॅपनं त्याचं मोठं, चकचकीत चित्र केलं होतं. फेट्याची घडी न् घडी, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. आणि शर्टाच्या खिशाला दोन पेनं, क्लिपांसकट. आत्ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “आबांनी जन्मात खिशाला पेन लावलं नाही. हिशेब करायचे ते खडूनं, मशीनवरच.”

आज्जा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवायचे. मूळ फोटोत त्यांच्या खिशातून वर आलेल्या दोन बारीक उभ्या रेषा दिसतात, एवढंच. लाखो फोटो बघून शिकलेल्या अ‍ॅपनं त्या रेषांची पेनं केली, ती स्वतःच्या पदरची. ‘एआयनं जुना फोटो जिवंत केला’ अशा जाहिराती आता रोज दिसतात आणि मला त्यांचा राग येतो. फोटोत जे उतरलेलंच नाही ते कुठलंही गणित परत आणू शकत नाही. तिथे शक्य वाटेल ते भरता येतं, इतकंच. आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेला अंदाज थापला जातो आणि आपण त्याला आठवण म्हणून फ्रेम करतो.

खरं काही उरलंच असेल तर ते निगेटिव्हमध्ये. ती आत्तीच्या ट्रंकेत सापडली, बटर पेपरच्या पाकिटात. १२० नंबरच्या फिल्मवरची, ५६ मिलिमीटर चौरस. आग्फा क्लिकसारख्या घरगुती कॅमेऱ्यांच्या अशा निगेटिव्ह पुष्कळदा मोठ्या न करता तशाच कागदावर दाबून छापत, म्हणून तर फोटो एवढासा. आता हिशेब करू. उभा माणूस निगेटिव्हवर सुमारे ४० मिलिमीटर उंच भरतो, म्हणजे सगळं साधारण बेचाळीस पट लहान झालं आहे. खिशातली वस्तू ४ मिलिमीटर जाड असेल तर निगेटिव्हवर ती ०.१ मिलिमीटर होणार. वीतभर अंतरावरून डोळ्याला एवढं जेमतेम वेगळं दिसतं. फिल्मवरची प्रतिमा ज्या चांदीच्या कणांची बनते, त्यांच्या मानानं मात्र ही जागा ऐसपैस आहे. म्हणजे रेषांचा खरा आकार तिथे असू शकतो. तो आठ पट मोठा करून बघायला हवा.

चांगल्या फिल्म स्कॅनरनंही हे काम झालं असतं. पण शाहूपुरीतल्या एका बंद झालेल्या स्टुडिओच्या माळ्यावरून मी एक एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश पाडून कागदावर मोठा फोटो छापायचं यंत्र, घरी आणून ठेवला होता. चेकोस्लोव्हाकियात घडवलेला, ओतीव लोखंडाच्या खुंट्यासारखा जड. तो चालू करायची ओढ निगेटिव्ह सापडायच्या आधीपासूनची होती. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथे एखादा दातेरी तुकडा मिळत नाही म्हणून हात टेकायचे, हे मला पटणारं नव्हतं.

बाहेरची दुरुस्ती चार ओळींत सांगतो. कापडी वेष्टणाची वायर हातात घेतली की तिचा भुगा होत होता. अंग सगळं धातूचं, म्हणून तीन पदरी वायर घालून अर्थिंग केलं. होल्डर आट्यांचा, आपल्याकडच्या पिनच्या बल्बांचा नव्हे, आणि बल्ब दुधी काचेचाच हवा. तो शोधायला आठवडा गेला. दिव्याचं डोकं खांबावर वर-खाली करणारं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, झिजलं होतं. ते घेऊन उद्यमनगरात गेलो. टर्नरनं ते बोटांत फिरवलं आणि विचारलं, “ह्ये कशाचं वो? घड्याळाचं म्हनावं तर मोठं, मशीनचं म्हनावं तर बारीक.” तिसऱ्या दिवशी पितळेचं नवं पिनियन तयार होतं, मुळापेक्षा गुळगुळीत चालणारं.

दिवा लागला. निगेटिव्ह न घालता खालच्या पाटावर फोटोचा कागद ठेवला, थोडा प्रकाश दिला, डेव्हलपरच्या रसायनात टाकला. कागद सगळीकडे एकसारखा करडा व्हायला हवा होता. झाला मध्यभागी करडा आणि कोपऱ्यांत पांढुरका. कॅमेऱ्यात कोपऱ्याला प्रकाश कमी पोचला तर फोटोचा कोपरा काळवंडतो. इथे व्यवहार उलटा आहे: जिथे प्रकाश कमी, तिथे कागद पांढरा. म्हणजे कोपऱ्यांना उजेड मिळत नव्हता. संशय गेला कंडेन्सरवर, आणि या लेखाचं खरं कारण तोच आहे.

कंडेन्सर म्हणजे दिवा आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये बसणारी दोन जाड भिंगं. प्रत्येकाची एक बाजू सपाट, एक फुगीर. ५६ मिलिमीटर चौरसाचा कर्ण ७९ मिलिमीटर, आणि भिंगं त्याहून मोठी हवीत, म्हणून ती तळहाताएवढी असतात. शाळेत आपण भिंगानं उन्हात कागद जाळलेला असतो, त्यामुळे वाटतं की कंडेन्सर दिव्याचा प्रकाश निगेटिव्हवर एकवटत असेल. तसं केलं तर मध्यावर एक झगझगीत ठिपका पडेल आणि बाकी अंधार.

आधी कंडेन्सर नाहीच असं समजा. दिव्यातून निघून निगेटिव्हच्या कोपऱ्यातून जाणारा किरण बाहेरच्या बाजूला निघालेला असतो आणि सरळ तिकडेच जातो. लेन्स मात्र मध्यावर आहे. ८० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स आठ नंबरच्या छिद्रावर ठेवली तर ते छिद्र ८० भागिले ८, म्हणजे १० मिलिमीटर. कोपऱ्यातला किरण त्याला चुकवून निगेटिव्ह आणि लेन्स यांच्यामधल्या भात्याच्या काळ्या भिंतीवर जिरतो.

गांधी मैदानात सभा सुटली आहे आणि बाहेर पडायला एकच दार उघडं आहे, अशी कल्पना करा. मधली माणसं नाकासमोर चालली तरी दारातून निघतील. कडेच्यांना वळवावं लागेल, आणि जो जितका कडेला त्याला तितकं जास्त. बहिर्गोल भिंग नेमकं हेच करतं: मधून जाणाऱ्या किरणाला सरळ सोडतं, काठावरच्याला जास्त वाकवतं. कंडेन्सर निगेटिव्हच्या प्रत्येक बिंदूतून जाणारे किरण लेन्सच्या त्या १० मिलिमीटरच्या दाराकडे वळवतो. म्हणजेच तो दिव्याची प्रतिमा तयार करतो, आणि ती प्रतिमा पडते लेन्सच्या छिद्रात.

इथे थोडं थांबण्यासारखं आहे. एकाच नळकांड्यात दोन प्रतिमा एकमेकींतून जात आहेत. दिव्याची प्रतिमा लेन्समध्ये, निगेटिव्हची प्रतिमा कागदावर. जिथे निगेटिव्ह स्पष्ट दिसते तिथे दिवा पूर्णपणे विस्कटलेला असतो, आणि म्हणून बल्बवर छापलेली वॅटची अक्षरं आज्जांच्या कपाळावर उमटत नाहीत. प्रत्येक ठिकाणी सगळ्या दिव्याचा थोडाथोडा प्रकाश पोचतो. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढताना उजेड एकसारखा मिळावा म्हणून जर्मनीच्या ऑगस्ट क्योलर यांनी १८९३ साली हीच युक्ती मांडली, आणि आजही चांगला सूक्ष्मदर्शक लावताना पहिलं काम तेच असतं.

तपासायला मी पाटाच्या कोपऱ्यात छोटा आरसा ठेवला, दिवा डिमरवर मंद केला आणि आरशातून वर लेन्सकडे पाहिलं. कोपऱ्याच्या जागी आपला डोळा असता तर काय दिसलं असतं, तेच आरशात दिसतं. लेन्सचं छिद्र पुरतं उजळलेलं दिसायला हवं. दिसली अर्धी चकती, उरलेली काळी. चारही कोपऱ्यांतून तेच.

कंडेन्सर उघडला. वरचं भिंग उलटं बसलं होतं, सपाट बाजू आत. कधीतरी पुसायला काढलं असेल आणि बसवताना फिरलं असेल. भिंग तेच, जाडी तीच, मग बाजू बदलल्यानं काय बिघडतं? गोल पृष्ठभागाचा एक दोष आहे: काठावरून जाणाऱ्या किरणाला तो हवं त्यापेक्षा जास्त वाकवतो. एकाच पृष्ठभागावर मोठं वळण लादलं की हा दोष झपाट्यानं वाढतो, आणि तेच वळण तीनचार पृष्ठभागांत वाटलं की कमी होतो. करूळ घाटात गाडी ज्या हिशेबानं उतरते, त्याच हिशेबानं. दोन्ही फुगीर बाजू एकमेकींसमोर असल्या की वाटणी जवळपास सारखी होते. वरचं भिंग उलटलं की काठाचे किरण लेन्सच्या आधीच एकमेकांना छेदतात आणि छिद्रापाशी पोचेपर्यंत पुन्हा पांगतात. भिंग फिरवून बसवलं. आरशात पूर्ण चकती उजळली. असा क्षण वर्षातून एखादाच येतो.

लेन्स हलली की हा मेळ पुन्हा लावावा लागतो. चार पट मोठं करताना लेन्स निगेटिव्हपासून १०० मिलिमीटरवर आणि कागद लेन्सपासून ४०० मिलिमीटरवर. आठ पटीला ९० आणि ७२०. लेन्स जेमतेम एक सेंटिमीटर सरकते, पण दिव्याची प्रतिमा छिद्रातून निसटायला ते पुरतं, म्हणून बल्बची दांडीही वर-खाली करायची सोय असते. कागदावरचा उजेडही मंदावतो, ९ भागिले ५ चा वर्ग म्हणजे सुमारे सव्वातीन पट.

कंडेन्सरचा आणखी एक गुण, थोडा अवघड. निगेटिव्हमधली चांदी प्रकाश शोषते तशी विखुरतेही. कंडेन्सरऐवजी नुसती दुधी काच लावली तर तिच्यातून सगळ्या बाजूंनी येणारा प्रकाश विखुरला तरी एकीकडचं नुकसान दुसरीकडून भरून निघतं. कंडेन्सरचा प्रकाश मात्र लेन्सच्या दारावर नेम धरून आलेला असतो. विखुरला की दार चुकला. दाट चांदी जास्त विखुरते, म्हणून दाट भाग मुळापेक्षाही दाट असल्यासारखे वागतात आणि फोटोतला काळ्या-पांढऱ्याचा फरक वाढतो. आंद्रे कॅलिए यांनी १९०९ मध्ये याचा अभ्यास केला. रंगीत फिल्ममध्ये चांदीऐवजी रंगद्रव्य उरतं, ते फारसं विखुरत नाही, म्हणून तिथे हा परिणाम जाणवत नाही. धुळीचे कण आणि ओरखडेही याच कारणानं कंडेन्सरखाली ठसठशीत दिसतात.

लेन्समध्ये बुरशी होती. कोल्हापूरचा पावसाळा बंद कपाटात चार महिने मुक्कामाला असतो. काचेवरच्या तेलकट थरावर बुरशी वाढते आणि तिच्या आम्लानं काचेचा लेप खरवडला जातो. इथेही व्यवहार उलटा. कॅमेऱ्यातली बुरशी सावल्या धुरकट करते, कारण उजळ भागाचा प्रकाश काळ्यात सांडतो. एनलार्जरमध्ये सगळ्यात जास्त प्रकाश येतो तो निगेटिव्हच्या पारदर्शक भागातून, म्हणजे मूळच्या सावलीतून, आणि तो सांडतो पांढऱ्यात. सावल्या शाबूत राहतात आणि आज्जांचा फेटा मळका दिसतो. लेन्स उघडून पुसली. लेपावर दोन नक्ष्या कायमच्या राहिल्या.

एक अडचण मात्र वस्तीची होती. तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. शेजारच्या बोअरवेलची मोटर लागली आणि २३० चे २१५ व्होल्ट झाले की उजेड वीस टक्क्यांनी घटतो, आणि तंतू लालसर झाल्यानं निळ्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कागदाला त्याहूनही कमी मिळतो. म्हणून फोटो छापायचे ते रात्री अकरानंतर, न्हाणीघरात, लाल दिव्यात.

पहिल्या फोटोत फेट्याभोवती फिकट गोल वलयं आली. आत्तीनं हात जोडले. तिला ते तेजोवलय वाटलं. मी तिला शेजारी बसवलं, काचेच्या चौकटीतली फिल्म काढून पुन्हा बसवली आणि दुसरा फोटो छापला. वलयं या वेळी खांद्यावर होती. फिल्म आणि काच यांच्यात हवेचा पातळ पापुद्रा राहतो. दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशतरंग कुठे एकमेकांना साथ देतात, कुठे मारतात, आणि फट पाव मायक्रॉननं बदलली की पुढचं वलय. ही न्यूटनची वलयं. देव्हाऱ्याजवळच्या फोटोंत दिसणाऱ्या अशा वलयांवर लोक पैसे घेतात, म्हणून मला तिला हे डोळ्यांनी दाखवायचं होतं. वरची काच काढून टाकली. तिसऱ्या फोटोत काही नव्हतं. आत्ती म्हणाली, “मग आता खिसा बघू.”

आठ पट मोठं करायला खांबाची उंची जेमतेम पुरली. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर आधी शर्टाची बटणपट्टी आली, मग खिशाची शिवण, मग त्या दोन रेषा. फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढून धुतल्यावर पांढरा दिवा लावला. कण दिसत होते, कडा मऊ होत्या. रेषा क्लिपांच्या नव्हत्या आणि सरळही नव्हत्या. वर जाऊन दोन्हींची टोकं एकमेकींपासून लांब वळलेली होती.

फोटो वाळवून उद्यमनगरात नेला. टर्नरनं हात पुसले आणि तो दारापाशी उजेडात धरला.

“पेन कुठलं वो? इनसाइड कॅलिपर हाय. पाय भायेर वळल्यात बघा. बोअर मापायचा, भोकाचं आतलं माप.”

त्यानं ड्रॉवर ओढून स्वतःचा कॅलिपर काढला आणि फोटोशेजारी ठेवला.